तान्हा पोळा आणि साबणाचे फुगे : एका सेविकाताईंच्या प्रश्नाला उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातील एका अंगणवाडी सेविकाताईंचा प्रश्न आहे. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या लाकडी नंदीबैलांच्या पोळ्याच्या, निमित्ताने तीन ते सहा वर्षांच्या पंचवीसेक मुलांसाठी साबणाच्या फुग्यांचा खेळ घ्यावा असे त्यांच्या मनात आहे आणि पर्यवेक्षिकांनी त्यात ‘थोडे विज्ञान’ही यावे असे सुचवले आहे. पण मोबाईलवर पाहून केलेले द्रावण फसले, जत्रेतून आणलेल्या बाटल्या पाहता पाहता सांडून रिकाम्या झाल्या, आणि द्रावणात रंग घालूनही फुगे काही रंगीत झाले नाहीत. एवढ्या लहान मुलांना ‘पृष्ठताण’, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरची ओढ, समजावायचा तरी कसा, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

ताई, मी वर्धा जिल्ह्यातील बालवाडीत शिकवले आणि आता सेविकांच्या प्रशिक्षणाचे काम करते, तेव्हा सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच करते, कारण बाकीचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. पृष्ठताण सांगायचाच नाही. हा शब्द चार वर्षांचे मूल पाठ करून म्हणून दाखवेल, पर्यवेक्षिकाही खूश होतील, पण त्या मुलाच्या हाती त्यातून काही लागणार नाही. या वयातले विज्ञान म्हणजे आधी अंदाज बांधणे, मग करून पाहणे, आणि जे दिसले ते आपल्या शब्दांत सांगणे. त्यासाठी एका बैठकीत एकच गोष्ट बदलावी लागते. माझ्या मते तान्ह्या पोळ्याला ती गोष्ट ‘ओले आणि कोरडे’ ही ठेवावी. ओल्या वस्तूवर फुगा बसतो आणि कोरड्या वस्तूला लागला की फुटतो, हे मुलांना स्वतःच्या बोटाने कळले, तर त्या दिवसापुरते विज्ञान भरपूर झाले असे समजा.

तुमचे द्रावण का फसले, हे तुमचे पाणी पाहिल्याशिवाय मी खात्रीने सांगू शकत नाही. मात्र विदर्भात पहिला संशय मी पाण्यावरच घेते. बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर विचारूच नका. अशा पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून पांढरट साका तयार करतात आणि फेस धरत नाही. वडीचा साबण किसून द्रावण केले असेल तर हेच झाले असण्याची शक्यता अधिक. भांडी घासायच्या लिक्विडवर जड पाण्याचा परिणाम त्या मानाने कमी होतो, म्हणून तेच वापरावे. पोळा श्रावणातल्या अमावास्येला आणि तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, म्हणजे ऐन पावसाळ्यात. तेव्हा उघड्यावर स्वच्छ गंज (पातेले) ठेवून पावसाचे पाणी धरून ठेवले की पाण्याचा प्रश्नच मिटतो. टिनावरून ओघळणारे पाणी घेणार असाल, तर पहिल्या सरीचे जाऊ द्यावे. पाणी उकळल्याने जडपणा थोडा कमी होतो, पण सगळा जात नाही.

मी वापरते ते प्रमाण असे : सहा वाट्या पाणी, एक वाटी लिक्विड आणि पाव वाटी ग्लिसरीन. ग्लिसरीन कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. ते हवेतली ओल धरून ठेवते, त्यामुळे फुग्याचे पाणी लवकर उडून जात नाही. ग्लिसरीन नसेल तर दोन चमचे साखर घालूनही काम चालते, पण मग अंगणात मुंगळ्यांची रांग लागते आणि मुलांचे हात चिकट होतात, म्हणून मी साखरेच्या वाटेला जात नाही. लिक्विड कोणते पातळ असते, कोणते घट्ट, त्यामुळे हे प्रमाण दगडावरची रेघ मानू नये. फुगे काढायच्या तारेच्या कडीवरच फुगा फुटत असेल तर लिक्विड थोडे वाढवावे, आणि द्रावणाची तार येऊन फुगा सुटतच नसेल तर पाणी वाढवावे. ढवळताना फेस होऊ देऊ नये. फेस आला तर तो चमच्याने काढून टाकावा, कारण फेसात बुडवलेल्या कडीवर सलग पडदा धरत नाही. द्रावण आदल्या रात्री करून झाकून ठेवलेले बरे. कपड्यांची पावडर मात्र मुळीच वापरू नये, तिच्यातल्या सोड्याने लहान मुलांच्या हातांची आणि डोळ्यांची आग होते. रिठ्याचाही फेस सुरेख येतो, आणि आपल्या आज्यांनी त्याच पाण्याने केस धुतले. पण त्याचे फुगे फार टिकत नाहीत आणि डोळ्यात गेले तर ते पाणी भयंकर झोंबते, तेव्हा मोठ्या मुलांसाठी ते राखून ठेवावे.

यामागचे कारण तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी सांगते. पाण्याचे कण एकमेकांना इतके जोराने ओढून धरतात की नुसत्या पाण्याचा पडदा ताणला जाण्याआधीच तुटून त्याचे थेंब होतात. साबणाने ही ओढ साधारण एक तृतीयांशावर येते. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे पाण्यापासून पळते, त्यामुळे फुग्याच्या पडद्यात मधे पाणी आणि आत-बाहेर साबणाचा एकेक थर अशी रचना होते. पडदा कुठे जास्त ताणला जाऊन पातळ झाला, तर तिथली ओढ वाढून शेजारचा साबण आणि त्याच्याबरोबर पाणीही तिकडे सरकते आणि पडदा सावरला जातो. तरीही पाणी वजनाने खाली उतरत राहते आणि हवेत उडूनही जाते, म्हणून कधी ना कधी फुगा फुटतोच. पावसाळी दमट हवेत हे उडून जाणे मंदावते. मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना आणि लू चालू असताना, हेच द्रावण तुम्हाला निम्मीही साथ देणार नाही. म्हणजे फुग्यांच्या खेळासाठी आपल्याकडचा सर्वांत सोयीचा सण तान्हा पोळाच आहे. दिवाळीच्या सुटीत घ्यायचा असेल तर सकाळी दव असतानाच घ्यावा आणि पणत्या-फटाक्यांपासून लांब घ्यावा.

आता सणाचा मुद्दा. पुष्कळ ठिकाणी सणाचा विषय म्हणजे भिंतीवर बैलाचे चित्र लावायचे आणि खेळ नेहमीचाच घ्यायचा, असे होते. त्यापेक्षा पोळ्यात मुले जे डोळ्यांनी पाहतात त्यातूनच खेळ काढावा. आदल्या दिवशी खांदशेकणी, म्हणजे बैलांचे खांदे शेकणे, होते, बैलांना नाल्यावर नेऊन धुतात, मग शिंगांना रंग, बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगरू, आणि तोरणाखाली बैलांची रांग. तान्ह्या पोळ्याला हेच सगळे मुले आपापल्या लाकडी नंदीचे करतात, आणि नंदी घेऊन घरोघरी गेले की बोजारा (सणाची बक्षिसी) मिळतो. यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत, बैल धुणे आणि तोरणाखाली रांग लावणे.

तीन वर्षांच्या मुलांसाठी बैल धुणे एवढेच पुरेसे आहे. परातीत थोडे द्रावण आणि पाणी घ्यावे, हाताने फेस उठवू द्यावा आणि फेसाने नंदी न्हाऊ घालू द्यावा. पाठीवर फेस ठरतो, पोटाखालून गळतो, फुंकर मारली की उडतो, हे सगळे मुले आपणहून करून पाहतात आणि तेव्हा आपण मधे बोलण्याची फारशी गरज नसते. फक्त आधी एका कोपऱ्यात ओले बोट घासून नंदीचा रंग उतरतो का ते पाहून घ्यावे. स्वस्तातल्या नंदीचा लाल रंग परातभर होतो आणि मग मूल रडते. घरच्यांचेही बोलणे ऐकावे लागते ते वेगळे. मातीचे बैल या खेळातून अर्थातच वगळावेत.

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी रांगेचा उपयोग अंदाज नोंदवायला करावा. अंगणात आंब्याच्या पानांची दोन छोटी तोरणे बांधावीत, एक ‘टिकेल’चे आणि एक ‘फुटेल’चे. स्टीलची एक थाळी द्रावणाने ओली करावी आणि नळी तिच्यावर टेकवून हलकेच फुंकावे, म्हणजे थाळीवर अर्धा फुगा घुमटासारखा बसतो. मग आपण कोरडे बोट वर धरायचे आणि विचारायचे, ‘हे बोट आत घातले तर काय होईल?’ प्रत्येक मुलाने आपला नंदी आपल्या अंदाजाच्या तोरणाखाली नेऊन उभा करायचा. सगळ्यांचे नंदी उभे राहिल्यावरच बोट लावायचे, आणि फुगा फुटतो. त्यानंतर तेच बोट द्रावणात बुडवून पुन्हा विचारायचे. बहुतेक मुले आत्ताच फुटलेला पाहिलेले असल्यामुळे नंदी ‘फुटेल’कडेच नेतात, आणि बोट पडद्यातून आरपार जाऊनही फुगा तसाच राहतो तेव्हा जो गलका होतो त्यासाठीच हा सगळा खटाटोप करायचा असतो.

नंदी उभा करण्याने एक मोठे काम होते. तोंडी विचारले तर पहिले मूल जे म्हणेल तेच बाकीचे म्हणतात, आणि फुगा फुटल्यावर सगळेच ‘मी तेच म्हटलं होतं’ म्हणून मोकळे होतात. नंदी मात्र जिथे उभा केला तिथेच असतो, त्यामुळे मुलाला आपला अंदाज आणि घडलेली गोष्ट शेजारी शेजारी दिसते. इथे एक काळजी घ्यावी लागते. अंदाज चुकलेल्या तोरणाला ‘हरले’ असे कधी म्हणू नये आणि बरोबर आलेल्यांना चॉकलेट देऊ नये, नाही तर पुढच्या खेपेला मुले फुग्याकडे न पाहता तुमच्या चेहऱ्याकडे पाहून नंदी हलवतील.

यानंतर कारण आपण सांगायचे नाही. ‘पहिल्यांदा फुटला, आता नाही फुटला, काय वेगळं होतं?’ एवढेच विचारून थांबायचे, आणि हे थांबणेच सर्वांत अवघड जाते. एका अंगणवाडीत अशाच वेळी एक चिमुरडी थाळीशी उकिडवी बसली होती. तिने आधी एक बोट बुडवून पाहिले, मग अख्खा तळहात, मग फ्रॉकला हात पुसून कोरडा केला आणि थाळीवर उरलेला शेवटचा फुगा मुद्दाम फोडला. त्यानंतर मान वर करून म्हणाली, ‘वल्ल्या हातावर बसते, वाळल्यावर नाही बसत.’ तिचे वाक्य सेविकेने जसेच्या तसे फळ्यावर लिहिले. ते प्रमाण भाषेत सुधारून लिहिण्याची गरज नव्हती आणि तिने ते सुधारलेही नाही.

कोरड्या बोटाने फुगा फुटतो तो प्रामुख्याने यामुळे, की कोरडी त्वचा पडद्यातले पाणी आणि साबण आपल्याकडे ओढून घेते आणि तेवढ्या जागी पडदा तुटतो. ओले बोट मात्र त्या पडद्याचाच एक भाग बनून जाते. मोठ्या गटातील मुलांना याच धाग्याने पुढे नेता येते. थाळीवर दोन सारखे फुगे करून एकावर काचेची पारदर्शक बरणी पालथी घालावी, एक उघडा ठेवावा, आणि कोणता आधी फुटेल म्हणून नंदी उभे करावेत. बरणीच्या कडेला फुग्याचा स्पर्श होत नाही ना, हे पाहावे. झाकलेला फुगा सहसा जास्त वेळ टिकतो, कारण आतली हवा ओलीच राहते आणि वाराही लागत नाही. पण पावसाळ्यात बाहेरची हवाही दमटच असल्याने फरक कधी कधी फारसा दिसत नाही. तसे झाले तर ते मुलांपासून लपवू नये, ‘आज दोन्ही सारखेच टिकले’ हेही उत्तरच आहे.

दुसरा खेळ आकाराचा. बांधकामावरची बारीक बायंडिंग तार घेऊन तिच्या कड्या कराव्यात, एक गोल, एक चौकोनी, एक त्रिकोणी आणि एक बैलाच्या शिंगांच्या आकाराची, मात्र तिचीही टोके जुळवून कडी बंद करावी. प्रत्येकीवर लोकर किंवा सुती दोरा गुंडाळावा, म्हणजे द्रावण धरून राहते आणि तारेची टोकेही झाकली जातात. मग विचारावे, चौकोनी कडीतून कसा फुगा निघेल? शिंगांच्या कडीतून? बहुतेक मुले चौकोनी आणि शिंगांचा असेच म्हणतात, आणि प्रत्येक कडीतून गोलच फुगा निघतो. सुटलेल्या फुग्याचा पडदा सगळीकडून सारखाच आकसू पाहतो आणि आत कोंडलेल्या हवेला कमीत कमी आवरणात धरणारा आकार गोलाचाच असतो, म्हणून असे होते. मुले मात्र एकदा पाहून हे मान्य करत नाहीत. ‘मी हळू फुंकतो, मग शिंगाचाच निघेल’ असे म्हणून पाच वर्षांचा मुलगा पुन्हा पुन्हा करून पाहतो, आणि त्याला ते करू द्यावे. कडीवर ताणलेला, अजून न सुटलेला पडदा चौकोनी असतो आणि सुटला की गोल होतो, हे त्याचे त्यालाच दिसते. एकाच दिवशी ओले-कोरडे आणि आकार असे दोन्ही खेळ घेऊ नयेत. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी एक आणि सणानंतरच्या पहिल्या दिवशी दुसरा, असे केल्यास पहिल्या खेळाची आठवण ताजी असते.

रंगाचे म्हणाल तर तुमच्या हातून काहीच चुकलेले नाही. फुग्याचा पडदा केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो, एवढ्याशा पडद्यात रंग दिसण्याइतका मावतच नाही. तो पाण्याबरोबर खाली उतरतो आणि फुगा फुटला की मुलांच्या सणाच्या कपड्यांवर डाग पडतात, एवढेच. फुग्यावर जे रंग दिसतात ते उजेडाचे असतात. पडद्याच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळताना काही रंग उठावतात आणि काही मावळतात, आणि कोणता उठावेल ते त्या जागी पडदा किती जाड आहे त्यावर ठरते. म्हणून रंगांचे पट्टे सारखे हलत राहतात. थाळीखाली काळी पाटी ठेवली की हे रंग फार चांगले दिसतात; आणि फुगा फार टिकला तर अगदी वरच्या टोकाला रंग जाऊन काळसर ठिपका येतो, कारण तिथला पडदा आता प्रकाश जवळजवळ परतवतच नाही इतका पातळ झालेला असतो. हे ओळखायला शिकलेली मुले ‘आता फुटते, आता फुटते’ म्हणून आधीच ओरडतात. या पडद्यांचा अनेक वर्षे अभ्यास करणारे बेल्जियमचे जोसेफ प्लाटो हे १९व्या शतकातले शास्त्रज्ञ मध्यम वयात पूर्ण अंध झाले होते. ते प्रयोग सुचवत आणि घरचे व सहकारी पाहून त्यांना सांगत. फुग्यात नेमके काय दिसले ते शब्दांत सांगणे किती मोलाचे आहे, हे सेविकांना सांगताना मला हे उदाहरण नेहमी उपयोगी पडते.

नळीच्या बाबतीत थोडे सावध राहावे लागते. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला फुंकणे आणि ओढणे यांतला फरक नीट जमलेला नसतो आणि नळी तोंडात गेली की ते सवयीने ओढते. म्हणून आधी कोरडा सराव घ्यावा. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. तळहातावर सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका ठेवून तो नळीने फुंकून उडवायला लावावा. ज्याला तो उडवता येतो त्यालाच द्रावणाची नळी द्यावी, बाकीच्यांनी कडी हवेत फिरवून फुगे करावेत. प्लास्टिकच्या नळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि खेड्यात त्यांची गरजही नाही, कारण पपईच्या पानाचा देठ आतून पोकळच असतो. तो कापून त्यातला चीक पूर्ण निथळू द्यावा, पाण्यात भिजवून आतबाहेर स्वच्छ धुवावा आणि मगच मुलांच्या हाती द्यावा. चीक ओठांना लागला तर आग होते. तोंडाकडच्या टोकापासून दोन बोटे अंतरावर सुईने एक भोक पाडून ठेवले, तर मुलाने ओढले तरी त्या भोकातून हवाच येते आणि द्रावण सहसा वर चढत नाही. एरंडाचा देठही पोकळ असतो आणि बेशरमाची काडी तर प्रत्येक नाल्याकाठी मिळते, पण ही दोन्ही झाडे विषारी आहेत. मोठी भावंडे हौसेने त्यांच्या नळ्या आणून देतात, तेव्हा आधीच सर्वांना बजावून ठेवावे.

पंचवीस मुले एकदम थाळीभोवती आली तर कोणालाच काही दिसणार नाही. पाच-सहा जणांचा गट तुमच्याकडे, आणि बाकीचे मदतनीसताईंकडे नंदी सजवायला, असे आळीपाळीने केले तर प्रत्येक गटाला पंधरा-वीस मिनिटे मिळतात आणि या वयाचे लक्षही साधारण तेवढेच टिकते. फरशीवर हा खेळ घेऊ नये, साबणाचे पाणी सांडले की मुले घसरून पडतात. शेणाने सारवलेले किंवा मातीचे अंगण उत्तम, वारा अडेल अशी भिंत एका बाजूला असावी आणि हात-डोळे धुवायला साध्या पाण्याची बादली जवळच असावी. पाऊस आलाच तर पडवीत गोणपाट अंथरून घेता येते.

पर्यवेक्षिकांसाठी नोंद करताना ‘मुलांना पृष्ठताण समजला’ असे लिहू नये. कोणत्या तोरणाखाली आधी किती नंदी होते, बोट ओले करून पुन्हा विचारले तेव्हा किती होते, आणि तिसऱ्या खेपेला, म्हणजे मुलांनी ओल्या बोटाची गंमत पाहिल्यानंतर द्रावणात बुडवलेला चमचा दाखवून विचारले तेव्हा, किती हलले, एवढे लिहावे आणि मुलांची दोन-तीन वाक्ये त्यांच्याच बोलीत लिहावीत. तिसऱ्या खेपेला ओल्या चमच्यासाठी निम्म्याहून अधिक नंदी ‘टिकेल’कडे गेले, तर मुलांनी बोटावरून चमच्याचा अंदाज बांधला, आणि पर्यवेक्षिकांना दाखवायला तुमच्याकडे आकड्यांतला पुरावा झाला.

उरलेले द्रावण पिण्याच्या पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधी भरू नये. झाकणाच्या बरणीत, वर चिठ्ठी लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवले तर ते आठवडाभर सहज चालते; आंबूस वास आला किंवा गढूळ झाले तर फेकून द्यावे. द्रावण आदल्या रात्री करायचे असल्याने ग्लिसरीन आणि लिक्विड पोळ्याच्या दोन-तीन दिवस आधीच आणून ठेवा, अमावास्येला गावातली दुकाने लवकर बंद होतात.